म्युनिसिपल शाळांचे निकाल व दाखल-खारीज नोंदवही

भंडारा येथील नगरपालिका इ. स. १८६७ सालीं स्थापन झाली. तिच्यासारख्या, किंवा तुमसर-पवनीसारख्या, गांवांतील म्युनिसिपल शाळांविषयीं लिहितांना बहुतेक लेखक परीक्षेच्या निकालावर विसंबतात. आमच्या मतें हा आधार लंगडा आहे. शेंकडेवारी परीक्षेस बसलेल्या मुलांवर काढतात. मध्येंच शाळा सोडलेला मुलगा तींत कोठेंच दिसत नाहीं. समजा, पहिलींत शंभर मुलें आलीं, चौथीच्या परीक्षेस वीस बसलीं व अठरा उतरलीं. निकाल शेंकडा ९० म्हणून मिरवतो. उरलेलीं ऐंशी मुलें कोठें गेलीं?

त्यांचा माग दाखल-खारीज नोंदवहींत घ्यावा. नांव, जन्मतारीख, पालकाचा धंदा, दाखल झाल्याची व नांव कमी केल्याची तारीख आणि कारण असे रकाने तींत असतात. कारणाच्या रकान्यांत 'सतत गैरहजर' अशी कारकुनी भाषाच फार, म्हणून अभ्यासकानें तारखेकडे अधिक पाहावें. नांवें जुलै-ऑगस्टांत कमी होत असलीं तर धानाच्या रोवणीची आठवण ठेवावी. विडीची ओढ मात्र बारमाही. तेंदूच्या जंगलांमुळें हा धंदा या भागांत फोफावला, आणि त्यांत मुलांचे हात लागले. व्हिटले कमिशननें १९३१ च्या अहवालांत विडीच्या कारखान्यांतील मुलांकडे लक्ष वेधलें, व मध्यप्रांतांत १९३७ सालीं अशा कारखान्यांसाठीं कायदा झाला. पुढें १९८६ च्या बालकामगार कायद्यानें विडीचें काम मुलांना मना केलें, पण कुटुंबाच्या मदतीनें चालणारें काम त्यांतून वगळलें. ओसरीवर सूप घेऊन बसलेली मुलगी कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. दुसरीकडे, मध्यप्रांताच्या १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानें सक्ती करणें न करणें स्थानिक संस्थांवर सोपविलें होतें. सक्ती म्हणजे खर्च, हें त्या संस्था पुरतें जाणून होत्या.

अनुत्तीर्णांची गोष्ट निराळी. येथील झाडीबोलींत 'ण' नाहीं. घरीं 'पानी' म्हणणाऱ्या मुलाचे शुद्धलेखनांत गुण जातात, तें अज्ञानामुळें नव्हे. परीक्षकानें तपासलेली उत्तरपत्रिका हातीं आली तर तिच्यांतील लाल खुणा भाषाभ्यासकानें अवश्य उतरून घ्याव्या.

आंकडे जुळवितांना एक सावधगिरी हवी : १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला असल्यामुळें, त्यापूर्वीचे भंडारा जिल्ह्याचे एकूण आंकडे नंतरच्या आंकड्यांशेजारीं तसेच मांडूं नयेत.