साखर सोडली, तरी दाढ का किडली?

'साखर तर आम्ही केव्हाच बंद केली. चहातसुद्धा गूळच घालतो. मग दाढ किडली कशी?' दाताच्या दवाखान्यात हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. विचारणारे बहुधा पन्नाशी ओलांडलेले, मधुमेहाच्या धास्तीने साखर सोडलेले असतात. कधी एखादी आई अडीच-तीन वर्षांच्या मुलाला घेऊन येते. मुलाचे पुढचे चारही दात काळे पडलेले असतात. 'साखर आम्ही देतच नाही हो, झोपताना चोखणीला नुसता मध लावतो,' असे ती सांगते. या दोघांनीही साखर सोडलेली नसते, फक्त तिचे नाव बदललेले असते.

साखरेला पर्याय म्हणून आज बाजारात गोळ्या, पुड्या, थेंब आणि 'शुगर फ्री' पदार्थ मिळतात. यांपैकी दातांना काय चालते आणि काय चालत नाही, हे कळण्यासाठी आधी दात किडतो कसा ते पाहू.

किडा नव्हे, आम्ल

जत्रेत किंवा आठवडे बाजारात दातातला किडा काढून दाखवणारे लोक आपण पाहिलेले असतात. ती हातचलाखी असते. दातात किडा कधीच नसतो. दातांवर जंतूंचा एक चिकट, पांढुरका थर साचत असतो. त्यातील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स आणि तत्सम जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि तिच्यापासून आम्ल तयार करतात. थरातील पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला, की दातावरच्या कठीण आवरणातील, म्हणजे एनॅमलमधील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. पुढे अर्ध्या ते एक तासात लाळ हे आम्ल निष्प्रभ करते आणि झिरपून गेलेली खनिजे थोडीफार परतही आणते. म्हणजे तोंडात दिवसभर मोडतोड आणि डागडुजी चालूच असते. मोडतोड वरचढ झाली की दाताला खड्डा पडतो.

आता हिशेब करा. सकाळचा चहा, दहा वाजताचा चहा, दुपारी बिस्किटे, चार वाजता पुन्हा चहा, संध्याकाळी एखादी गोळी आणि रात्री दूध-साखर. गोड सहा वेळा तोंडात गेले. प्रत्येक वेळी अर्धा तास धरला तरी दात रोज तीन तास आम्लात बुडालेले असतात. म्हणून साखर एकूण किती खाल्ली, याच्याइतकेच ती किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे आहे.

स्वीडनमधील व्हिपेहोम येथे १९४५ नंतरच्या काही वर्षांत मतिमंदांच्या संस्थेतील रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला देऊन हेच तपासले गेले. असहाय माणसांवर केलेला तो प्रयोग आज अमानुष मानला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून निघालेला निष्कर्ष टिकून आहे. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. जेवणांच्या मधल्या वेळेत खाल्लेल्या चिकट गोडाने मात्र ती झपाट्याने वाढली.

कसोटी एकच

तेव्हा कोणत्याही गोड पदार्थाला एकच प्रश्न विचारावा : तोंडातील जंतूंना याच्यापासून आम्ल बनवता येते का?

गूळ या कसोटीला उतरत नाही. त्यात थोडे लोह व इतर क्षार असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरेचाच असतो. काकवी त्याचीच बहीण. खडीसाखर म्हणजे तर साखरेचेच मोठे स्फटिक. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा असतात, आणि जंतूंना त्या दोन्ही चालतात. चोखणीला लावलेला मध रात्रभर पुढच्या दातांना चिकटून राहतो. झोपेत लाळ कमी सुटत असल्याने तो धुऊनही जात नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला तर मध मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित का होईना, बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

सॅकरिन, अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज आणि स्टीव्हियाच्या पानांतील गोड द्रव्य मात्र या कसोटीला उतरतात. यांपैकी सॅकरिन सर्वांत जुने. त्याचा शोध १८७९ मध्ये अमेरिकेत लागला. ही द्रव्ये जिभेला गोड लागतात, पण जंतूंना त्यांच्यापासून आम्ल तयार करता येत नाही. यांपैकी अ‍ॅस्पार्टेमचा गोडवा उकळल्यावर कमी होतो, म्हणून ते चहा गाळल्यावरच घालावे.

दुसरा गट सॉर्बिटॉल, झायलिटॉल यांचा. सॉर्बिटॉलपासून जंतू आम्ल बनवतात, पण फार सावकाश आणि अगदी थोडे. झायलिटॉलपासून तेही बनत नाही. भुर्जवृक्षाच्या लाकडापासून किंवा दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसापासून ते तयार करतात. फिनलंडमधील तुर्कू येथे १९७० च्या दशकात सुमारे सव्वाशे लोकांवर दोन वर्षे अभ्यास झाला. आहारातील साखरेऐवजी झायलिटॉल घेणाऱ्यांच्या दातांना नवी कीड जवळजवळ लागली नाही.

मग झायलिटॉल हे औषध मानायचे का? इतके पुढे जाता येत नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोपर्यंतच्या चाचण्यांचा आढावा घेतला. झायलिटॉल व फ्लोराइड दोन्ही असलेल्या टूथपेस्टने मुलांच्या दातांची कीड नुसत्या फ्लोराइड टूथपेस्टपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाली, पण तो पुरावाही भक्कम नव्हता. बिनसाखरेचे च्युइंगगम जेवणानंतर चघळल्याचा फायदा होतो, तो बराचसा चघळण्याने सुटणाऱ्या लाळेमुळे.

पाकिटावरच्या अक्षरांना भुलू नका

गोड द्रव्य निर्धोक असले, म्हणजे ते घातलेला पदार्थ निर्धोक असतोच असे नाही. 'शुगर फ्री' बिस्किटात मैदा असतोच. मैद्याचा चिकट लगदा दाढांच्या खाचांत बसतो, आणि लाळ त्यातल्या पिठाचे साखरेत रूपांतर करते. 'साखर घातलेली नाही' असे लिहिलेल्या फळांच्या रसात फळाची स्वतःची साखर भरपूर असते. बिनसाखरेच्या शीतपेयांत मुळातच आम्ल असते. जंतूंची मदत न घेताही ते दातांचे आवरण झिजवते.

सर्वांत मोठा धोका गोड सुपारीचा. सॅकरिनने गोड केलेल्या सुपारीने दात किडणार नाहीत, असे म्हणून ती मुलांच्या हाती देऊ नका. सुपारीमुळे तोंडाची त्वचा आखडत जाऊन तोंड उघडेनासे होते, आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

पर्यायांचे पथ्य

वजन घटवण्यासाठी या गोड द्रव्यांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी तो सल्ला नव्हता. त्याच वर्षी अ‍ॅस्पार्टेमची नोंद 'कदाचित कर्करोगकारक' या गटात झाली. मात्र शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा तज्ज्ञ समितीने कायम ठेवली. चहातील एक-दोन गोळ्या तिच्या कितीतरी खाली राहतात. फेनिलकीटोनुरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम टाळावे. झायलिटॉल, सॉर्बिटॉल जास्त झाले तर पोट फुगते, जुलाब होतात. मोठ्या मात्रेत घेतलेल्या झायलिटॉलचा हृदयविकाराशी संबंध असावा, अशी शंका २०२४ मधील एका अभ्यासाने उपस्थित केली आहे. ती अजून सिद्ध झालेली नाही. घरी कुत्रा असेल तर झायलिटॉलचा पदार्थ त्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्याला ते विष आहे.

घरी काय करावे?

गोड खायचेच तर जेवणाबरोबर खावे आणि नंतर खळखळून चूळ भरावी. संक्रांतीचा तिळगूळ, चिक्की यांनाही हाच नियम. मधल्या वेळचा चहा बिनसाखरेचा किंवा गोळी घालून घ्यावा. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या टूथपेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तेथील पालकांनी आधी दंतवैद्यांना विचारावे. रात्री मुलाला गोड औषध दिले, तर त्यानंतर दात पुसून अथवा घासून घ्यावेत.

मधुमेही मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावे. साखर आटोक्यात नसेल तर तोंडाला कोरड पडते, हिरड्या सुजतात, आणि लाळेची डागडुजीच कमी पडते. साखरेऐवजी गोळी घेणे त्यांच्या दातांच्या हिताचे आहे. गुळाने मात्र ना मधुमेह आवरतो, ना कीड.

आणि त्या आईला एवढेच सांगणे : मधाची चोखणी आजच बंद करा. दोन-चार रात्री मूल रडेल, पण त्याचे उरलेले दात वाचतील.