आधी समेट, मग दान

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावरचं लोहखनिज घुग्घुसच्या स्पंज आयर्न कारखान्यात येतं. 1982 पर्यंत गडचिरोली आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातच होती. जिल्हा वेगळा झाला तरी जाणं-येणं, सोयरिकी, पोटापाण्याचे धंदे तसेच राहिले. त्यामुळे तिकडच्या जंगलातली शांतता हा आमच्या घुग्घुससारख्या कोळशाच्या गावाला परका विषय नाही. डिसेंबर 2016 मध्ये त्याच डोंगरावर माओवाद्यांनी खनिजाच्या वाहनांचा ताफा पेटवला होता. आणि 15 ऑक्टोबर 2025 रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली.

बातमी आनंदाचीच होती. पण शस्त्रं ठेवणाऱ्यांना कधी ना कधी गावाकडे परतायचं आहे, आणि गावात कुणाकुणाची घरं आहेत? रात्री दारातून ओढून नेलेल्या माणसाचं घर आहे. सकाळी त्याच्या मृतदेहाशेजारी ‘हा पोलिसांचा खबऱ्या’ असं पत्रक सापडलेलं असतं. नुसत्या संशयावरून मार खाल्लेल्या, तुरुंग भोगलेल्या तरुणाचंही घर तिथेच आहे. ठाकूरदेवाचा डोंगर खणला जातोय म्हणून मनात सल असलेली म्हातारी माणसं आहेत. आत्मसमर्पण योजनेतून पैसे मिळतात, घर मिळतं. काही जणांना कोनसरीच्या कारखान्यात नोकऱ्याही मिळाल्या. हे हवंच होतं. मात्र एकाच आठवडी बाजारात मारल्या गेलेल्याच्या विधवेने आणि माओवाद्यांच्या दलममधून परतलेल्याने समोरासमोर यायचं कसं, हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिता येत नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने याबद्दल जे सांगितलं, ते आम्ही ख्रिस्ती लोक अर्धंच ऐकतो असं मला वाटतं. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग परत ये. यात उठून जायला सांगितलंय ते कुणाला? ज्याच्याकडून दुखावलं गेलं त्याला. आमच्या उपदेशांत मात्र सारा भार दुखावलेल्यावरच पडतो. तू क्षमा कर, सत्तर गुणिले सात वेळा कर, मोकळी हो. ज्याने घाव घातला त्याला उठायला आपण सांगत नाही. याकोब एसावाला भेटायला निघाला तेव्हा त्याने आधी गुराढोरांचे कळप पुढे पाठवले आणि मग जमिनीपर्यंत लवून सात वेळा नमस्कार केला. जकातदार जक्कय नुसता ‘चुकलो’ म्हणून थांबला नाही, लुबाडलेल्याच्या चौपट परत देतो म्हणाला.

दुसरी बाजूही खरी आहे. कधी कधी दुखावलेलाच आधी चालत जातो. सिस्टर राणी मारिया केरळातल्या पुल्लुवळीच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला त्या भूमिहीन आदिवासींना संघटित करत होत्या, सावकारांच्या कचाट्यातून सोडवत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये एका तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याचे घाव घातले, खाली ओढलं आणि पुन्हा घाव घातले. बस भरलेली होती. कुणी मध्ये पडलं नाही. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद नावाचे कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले. 2002 मध्ये राणी मारियांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. 2006 मध्ये तो सुटला आणि पुढच्या वर्षी केरळात जाऊन राणी मारियांच्या आईला भेटला. 2017 साली इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य घोषित केलं गेलं.

या कथेतल्या राखीचं सगळ्यांना कौतुक वाटतं. मला त्याआधीची सात वर्षं महत्त्वाची वाटतात. खटला चालला, शिक्षा झाली, गुन्ह्याला गुन्हाच म्हटलं गेलं. बहिणीला कुणी घाई केली नाही. आणि मधल्या काळात एक माणूस तुरुंगात ये-जा करत राहिला, ज्याची बातमी तेव्हा कुठे आली नव्हती. शांती करणारे म्हणतात ते हे असे.

असं काम करू शकणाऱ्या मंडळ्या आमच्या भागातही आहेत. चांदा धर्मप्रांताचं पीठ बल्लारपूरला आहे. त्याची सुरुवात 1962 ची, आणि त्याची सिरो-मलबार परंपरा राणी मारियांचीच. प्रॉटेस्टंट मंडळ्या त्याहून जुन्या. पण दुसऱ्यांत समेट घडवायला निघालेल्या मंडळीने आपलंही दान वेदीपाशी ठेवून उठायला हवं. शेजारच्या बस्तरमध्ये जानेवारी 2025 मध्ये एका पाळकाचा मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात होता, कारण गावात पुरायला विरोध झाला. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि दफन गावापासून दूर, दुसरीकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत करावं लागलं. हा उघड अन्याय आहे. मेलेल्या माणसाला त्याच्या मातीत जागा मिळायलाच हवी. तरीही गावाच्या मनात आपल्याविरुद्ध काय आहे, हे विचारायला आपण जायचं की नाही? गावदेवाची वर्गणी थांबली, पंडूम सणाला येणं थांबलं, पूर्वजांच्या रीतीला कुणी सैतानी म्हटलं, हे त्यांचं दुखणं आहे. श्रद्धा न सोडता ते ऐकून घेता येतं.

गडचिरोलीतही सुरुवात ऐकण्यापासूनच व्हायला हवी. गोंड-माडिया समाजात चुकलेल्याला दंड घेऊन, गावाला जेवण घालायला लावून परत पंगतीत घेण्याची रीत आहे. बाहेरून समेट शिकवायला येणाऱ्याने आधी तिच्याकडे पाहावं. मारल्या गेलेल्याच्या बायकोला काय हवं, हे तिला विचारावं, आणि ‘मला आत्ता काही बोलायचं नाही’ हे तिचं उत्तरही मानावं. भरपाईचा धनादेश निघू शकतो. पण नवऱ्याच्या नावावरचा ‘खबऱ्या’ हा शिक्का धनादेशाने पुसत नाही. तो खोटा होता हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ग्रामसभेत उभं राहून, तिच्या मुलांच्या देखत, ते सांगायचं आहे. त्या सभेपर्यंत त्याच्यासोबत चालत जाणं हे पाळकाचं आणि धर्मगुरूचं काम आहे.