टेंडरच्या अटी आणि आपला बचत गट



मागच्या मासिक बैठकीत मढच्या एका ताईंनी विचारलं, "आपला मसाला चांगला, सुका जवळा चांगला, मग सरकारी ऑर्डर आपल्याला का मिळत नाही?" त्याच आठवड्यात मी एक टेंडर वाचलं होतं. त्यात मालाबद्दल दोन ओळी होत्या. बाकी सगळं तीन वर्षांची उलाढाल आणि बयाणा रक्कम. आपण तिथेच अडतो.

टेंडरमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात कमी दर जिंकतो. पण तो दर कोणाच्या मजुरीतून कापला गेला, हे कोणी विचारत नाही. फेअर ट्रेड, म्हणजे न्याय्य व्यापार, हेच विचारतो: बनवणारीला तिच्या कष्टाचा दाम मिळाला का, आणि वेळेवर मिळाला का?

अशा अटी घालता येतात का?

हो. नेदरलँड्समधल्या एका प्रांताने ऑफिसातल्या कॉफीसाठी फेअर ट्रेडचा छाप मागितला होता. 2012 मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की ठरावीक छापच हवा असं म्हणता येणार नाही, पण त्यामागचे न्याय्य निकष टेंडरमध्ये लिहिता येतात.

आपल्याकडे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, शक्यतो गावातल्या संस्था, बचत गट आणि महिला मंडळांना काम द्या. तरी 2016 मध्ये महाराष्ट्रात अनेक प्रकल्प एकत्र करून 70 मोठे विभाग केले आणि टेंडर काढलं. छोट्या गटांना ते झेपणारं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते टेंडर रद्द करून नव्याने काढायला लावलं. म्हणजे अट छापून आली म्हणून ती योग्यच असते, असं नाही.

आपल्या हक्काचं काय आहे?

केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतली 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. अशा उद्योगांना टेंडरचा फॉर्म मोफत मिळतो, बयाणा भरावा लागत नाही.

समजा सगळ्यात कमी दर 100 रुपये आला आणि आपला 112. फरक 15 टक्क्यांच्या आत आहे. आपण 100 ला तयार झालो, तर ऑर्डरचा काही भाग आपल्याला मिळू शकतो. पण आधी हिशेब करा! बोंबील धुणं, वलांडीवर लावणं, राखण करणं, ही मजुरी आपण धरतच नाही. ती धरून 100 परवडत नसेल, तर सरळ नाही म्हणा.

पैसे अडकले तर? कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर व्याज मागता येतं. पण त्यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा

- गटाचा ठराव घ्या, इतिवृत्तात लिहा.
- उद्यम नोंदणी करा. ती मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. माल आपण बनवलेला हवा. नुसता आणून विकला तर खरेदीतली ही सवलत नाही.
- खाण्याच्या मालासाठी एफएसएसएआयची नोंदणी बघा.
- जेम पोर्टलवर महिला उद्योग आणि बचत गटांसाठी 'वुमनिया' आहे. तिथे खातं उघडायला मी सोबत बसेन.
- मजुरी धरून एका किलोचा खर्च काढून आणा.

एखादी अट जाचक वाटली, तर मुदतीच्या आत लेखी प्रश्न विचारता येतो. अर्ज फेडरेशनच्या लेटरहेडवर करू, म्हणजे एकट्या गटावर भार नको. त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. हिशेबाची वही घेऊन या, मिळून देऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक