क्रॉइकच्या काचा

एकाच नकाशावरून उठलेल्या घरांचे भिलाईच्या हुडको वसाहतीत राहणाऱ्याला नवल नाही. जिने तेच, खिडक्या त्याच. आपले दार ओळखायचे ते तुळशीच्या कुंडीवरून. म्हणूनच उत्तर स्कॉटलंडच्या एका दरीतले क्रॉइकचे चर्च मला परके वाटत नाही. तेही सरकारी नकाशातूनच आले.

तिथल्या डोंगराळ मुलुखात एकेका पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीचा, पसारा मोठा. लोकांना मैलोन् मैल चालावे लागे. ब्रिटिश संसदेने १८२३ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि विख्यात अभियंता थॉमस टेलफर्डच्या देखरेखीखाली ३२ चर्च उभी राहिली. चर्च आणि पाद्र्याचे घर मिळून खर्चाची मर्यादा १,५०० पौंड. क्रॉइकचे चर्च १८२७ चे. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आराखडा, जाड दगडी भिंती, वर छोटी घंटा. नक्षीकाम जवळजवळ नाही. प्रवचनाचा मंच लांब भिंतीच्या मध्यावर, बाके तिन्ही अंगांना. प्रेस्बिटेरियन पंथात मान मूर्तीला नव्हे, शब्दाला. कीर्तनात बुवांचे बोल शेवटच्या माणसालाही ऐकू यावेत, तीच काळजी इथे दगडात बांधली आहे.

पाद्री नेमण्याचा हक्क मात्र बहुधा जमीनदाराकडे असे. त्या वादातून १८४३ मध्ये स्कॉटिश चर्च फुटले आणि ‘फ्री चर्च’ वेगळे झाले. क्रॉइकचे बहुतेक लोक तिकडे गेले. इमारत मूळ चर्चकडे राहिली. त्याच फ्री चर्चचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आला. आज त्याचे नाव तिथल्या कॉलेजला आहे. आपली भिलाई ज्यात येते ते छत्तीसगडही तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होते.

त्याच १८४५ च्या मे महिन्यात क्रॉइकजवळच्या ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातली कुळे घराबाहेर काढली गेली. जमीनदाराला माणसांपेक्षा मेंढ्या किफायतशीर वाटल्या. सुमारे ८० माणसे, त्यांत कितीतरी लहान मुले, चर्चच्या आवारात थडग्यांशेजारी कापडाचे आडोसे करून राहिली. लंडनच्या ‘टाइम्स’ने बातमीदार पाठवून ही हकिगत छापली.

पूर्वेकडच्या खिडकीला शंकरपाळ्याच्या आकाराच्या लहान काचा आहेत. त्यांवर बाहेरून कोरलेली अक्षरे अजून वाचता येतात: नावे, साल, मे महिना, आपण ग्लेनकॅल्व्हीचे असल्याची नोंद. ही माणसे बोलत गेलिक, कोरले इंग्रजीत. एका काचेवर तर त्यांनी स्वतःलाच पापी पिढी म्हटले आहे. घर गेले ते जमीनदाराच्या हिशेबाने. दोष मात्र त्यांनी आपल्याच माथी घेतला. चर्चच्या भिंतीशी राहूनही लिहिले ते बाहेरून, हे मला सर्वांत बोचते.

नकाशा टेलफर्डच्या कचेरीचा होता. इतिहास त्या ओरखड्यांचा आहे. चर्च ३२ बांधली, पण क्रॉइकचे नाव निघते ते या काचांसाठी.

भिलाईचा पोलाद कारखानाही गावे उठवूनच उभा राहिला. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटल्याची तारीख सर्वांना पाठ असते. त्या गावांतल्या घरांची नावे कुणाला पाठ आहेत? आपले क्वार्टरही कधीतरी रिकामे होईल. रंगारी बोलावण्याआधी दाराच्या चौकटीवरच्या, मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघांचा एक फोटो काढून ठेवा.