मूत्रविकार विभाग, रुग्णालयातील

मूत्रविकार विभाग, रुग्णालयातील : स्त्री-पुरुषांच्या मूत्रोत्सर्जन तंत्रातील आणि पुरुषांच्या जनन तंत्रातील शस्त्रक्रियासाध्य विकारांचे निदान व उपचार करणारा विभाग. व्यवहारात त्यास युरॉलॉजी विभाग असेही म्हणतात. ज्या वृक्कविकारांवर (मूत्रपिंडाच्या विकारांवर) मुख्यत्वे औषधे व अपोहन यांनी उपचार होतात, ते वृक्कविज्ञान विभागाच्या कक्षेत येतात. दोन्ही विभागांचे कार्य परस्परपूरक असते.

दोन्ही वृक्कांत मिळून दररोज सु. १८० लि. द्रव गाळला जातो. त्याचा बहुतेक भाग पुन्हा शोषला जाऊन सामान्यतः १ ते २ लि. मूत्र तयार होते. ते सु. २५ सेंमी. लांबीच्या मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते व मूत्रमार्गाने बाहेर पडते. या मार्गात अडथळा उत्पन्न झाल्यास त्याच्या वरच्या भागातील दाब वाढतो, वृक्क फुगते व कालांतराने निकामी होते. म्हणून अडथळा वेळीच ओळखून वृक्क वाचविणे, हे या विभागाचे एक प्रमुख कार्य होय. सावकाश वाढणारा अडथळा पुष्कळदा वेदनारहित असतो. शिवाय एका बाजूचे वृक्क निकामी होत असता दुसरे त्याचे काम सांभाळते. त्यामुळे रुग्णाला हानीची जाणीव उशिरा होते.

कारणे : बालकांत जन्मजात रचनादोष, मध्यम वयात अश्मरी (मुतखडा) व उतारवयातील पुरुषांत अष्ठीला ग्रंथीची वाढ ही अडथळ्याची नेहमी आढळणारी कारणे होत. लघवीची धार बारीक होणे किंवा रात्री वारंवार उठावे लागणे हे वार्धक्याचे लक्षण समजून दुर्लक्षिले जाते, ते योग्य नव्हे. वेदना नसतानाही मूत्रातून रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. रक्त एकदाच दिसून थांबले, तरी तपासणी आवश्यक असते.

निदान : मूत्र व रक्त यांच्या तपासण्या, श्राव्यातीत ध्वनिचित्रण, क्ष-किरण चित्रण, मूत्रप्रवाहमापन इत्यादींचा उपयोग केला जातो. मूत्राशयाचा अंतर्भाग प्रत्यक्ष पाहण्यासाठी माक्स निट्से या जर्मन वैद्यांनी १८७७ मध्ये प्रकाशयुक्त मूत्राशयदर्शक तयार केला. आधुनिक अंतर्दर्शन शस्त्रक्रियांचा पाया त्यामुळे घातला गेला.

उपचार : मूत्राशयातील अश्मरी छेद घेऊन काढण्याची शस्त्रक्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिली आहे. १८२४ मध्ये झां सिव्हिआल यांनी पॅरिस येथे मूत्रमार्गातून उपकरण घालून मूत्राशयातील खडा फोडला. १९७६ मध्ये पाठीतील लहान छिद्रावाटे वृक्कातील खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध झाली, तर १९८० मध्ये म्यूनिक येथे शरीराबाहेरून आघात तरंग सोडून खडा फोडण्यास प्रारंभ झाला. सु. ५ मिमी.पेक्षा लहान खडे पुष्कळदा आपोआप पडून जातात.

मूत्रवाहिनी मोकळी राहावी म्हणून तीत कधीकधी तात्पुरती बारीक नळी ठेवतात. त्रास थांबल्यावर रुग्णाला तिचा विसर पडतो व काही महिन्यांत तिच्यावर क्षारांचे थर साचून नवाच अडथळा निर्माण होतो. म्हणून अशा रुग्णांची नोंद ठेवून ठरलेल्या मुदतीत त्यांना परत बोलावणे, हेही शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

तातडीचे विकार : अडलेल्या वृक्कात जंतुसंसर्ग होऊन थंडी वाजून ताप आल्यास जीवितास धोका असतो. अशा वेळी प्रतिजैविके देऊन साचलेल्या मूत्राचा प्रथम निचरा करतात. खडा नंतर काढतात. वृषणाला पीळ पडून रक्तपुरवठा थांबल्यास साधारणतः सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर वृषण वाचण्याची शक्यता अधिक असते. मुलाच्या वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाल्यास, संकोचापायी वेळ न दवडता त्याला रुग्णालयात नेणे अगत्याचे असते.