कुंडीतली चिलटं आणि साठ रोपांची ऑर्डर



घरातून रोपं विकण्याचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांकडून एक प्रश्न मला सारखा येतो. "सर, कुंडीला हात लावला की बारीक काळी चिलटं उडतात. काय मारू?" आज याचं उत्तर देतो. पण आधी एका ताईंची गोष्ट ऐका.

आमच्या बॅचमधल्या या ताई बाल्कनीत मनीप्लांट तयार करून विकतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला एका सोसायटीतल्या काकूंनी त्यांना साठ रोपांची ऑर्डर दिली. चार इंची कुंडी, रोपाला ९० रुपये, एकूण ५,४०० रुपये. पहिलीच मोठी ऑर्डर! ताईंनी सत्तर कुंड्या भरल्या, फांद्या लावल्या आणि रोज सकाळी न चुकता पाणी घातलं.

२७ डिसेंबरला त्यांचा फोन आला. "सर, घरभर चिलटं झालीत. स्प्रे मारला, दोन दिवस बरं होतं, परत आली. संक्रांतीला देऊन टाकू का? वरून तर रोप छान दिसतंय."

मी म्हटलं, "ताई, ही साठ रोपं साठ घरांत जाणार. चिलटंसुद्धा साठ घरांत जाणार. आणि प्रत्येक घरात तुमचं नाव निघणार."

आधी शत्रू ओळखा

या चिलटाला इंग्रजीत फंगस नॅट म्हणतात. दोन-तीन मिलिमीटरचं, काळपट, लांब पायांचं. ते चावत नाही. फार उडतही नाही, मातीवरच पळत असतं. केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं वेगळी, त्यांचा कुंडीशी संबंध नाही.

उडणारं चिलट आठवडा-दहा दिवस जगतं. तेवढ्यात एक मादी ओल्या मातीच्या वरच्या थरात शंभर-दोनशे अंडी घालू शकते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. पांढरट, पारदर्शक अंग आणि चकचकीत काळं डोकं, ही तिची ओळख. साधारण दोन आठवडे ती मातीतली बुरशी, शेवाळ आणि कुजणारा कचरा खाते. ते कमी पडलं की कोवळी मुळं खाते. मोठ्या झाडाला याचा फारसा त्रास होत नाही. पण तुम्ही विकता काय? बी उगवलेली रोपं आणि नुकत्या मुळं फुटलेल्या फांद्या. म्हणजे नुकसान नेमकं तुमच्याच मालाचं.

अंड्यापासून चिलटापर्यंतचं हे चक्र २४ अंशांच्या आसपास तीन-चार आठवड्यांत पूर्ण होतं, थंडीत जास्त दिवस लागतात. आता कळलं ना, स्प्रे का चालला नाही? उडणारी मेली, मातीतली तशीच राहिली. उडतंय ते लक्षण आहे, आजार मातीत आहे.

ताईंनी काय केलं?

१) पाणी कमी केलं. ही सगळ्यात मोठी गोष्ट. चिलटांना सतत ओली माती लागते. कोकोपीट वरून कोरडं दिसलं तरी आत पाणी धरून असतं. त्यामुळे रोजचं पाणी बंद. मातीत बोट घालायचं, वरचा एक-दीड इंच कोरडा लागला तरच पाणी. तेही खालून: कुंडी टबमध्ये वीस-तीस मिनिटं ठेवायची, मग पूर्ण निथळू द्यायची. बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं. मनीप्लांट एवढा कोरडेपणा सहज सोसतो. अगदी लहान रोपं असतील तर मात्र जपून, ती सुकू देऊ नका.

२) खाणं काढून घेतलं. ताई कुंडीत चहाचा चोथा टाकायच्या. आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे. पण ओला, न कुजलेला चोथा म्हणजे अळ्यांना मेजवानी. अर्धवट कुजलेल्या शेणखताचंही तेच. त्यांनी चोथा बंद केला, वरचं हिरवं शेवाळ खरवडून काढलं आणि गळलेली पानं उचलली.

३) पिवळे चिकट सापळे लावले. शेतकरी वापरतात तेच. कात्रीने लहान तुकडे करून काडीला लावून मातीलगत ठेवले. मोठी चिलटं त्यावर चिकटतात. पण सापळ्याचा खरा फायदा मोजणीचा आहे. दर रविवारी ताई वहीत आकडा लिहायच्या. आकडा कमी होतोय की नाही, ते अंदाजाने सांगता येत नाही.

४) अळ्यांसाठी बीटीआय वापरलं. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. हा जिवाणू डासांच्या आणि या चिलटांच्या अळ्यांवर काम करतो. दुकानात नुसतं "बीटी द्या" म्हणू नका. भाजीवरच्या अळ्यांसाठी मिळतं ते कुर्स्टाकी जातीचं बीटी वेगळं, त्याचा इथे उपयोग नाही. पाकिटावर पूर्ण नाव वाचा आणि प्रमाण लेबलवर असेल तेवढंच घ्या. मातीत त्याचा परिणाम फार दिवस टिकत नाही, म्हणून एकदा घालून भागत नाही. ताईंनी दर आठवड्याला एकदा, असं चार वेळा मातीत ओतलं.

५) बटाट्याने तपासणी केली. बटाट्याची एक सेंटिमीटर जाड चकती मातीवर ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी उलटून बघायची. खाली काळ्या डोक्याच्या अळ्या दिसल्या तर त्या कुंडीचं काम अजून बाकी आहे.

आता व्यवसायाची गोष्ट

उपाय सुरू झाले, पण संक्रांतीला उरले होते जेमतेम अडीच आठवडे. तेवढ्यात चक्र तुटत नाही. मी ताईंना म्हटलं, "आजच काकूंना फोन करा आणि खरं सांगा." ताई घाबरल्या. पहिलीच मोठी ऑर्डर, ती रद्द झाली तर?

त्यांनी फोन केला. "काकू, रोपांच्या मातीत चिलटं झालीत. मी उपाय करतेय, पण अशी रोपं तुम्हाला देणार नाही. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं ना, तुमचं थोडं पुढे घेता येईल का? नाहीतर ॲडव्हान्स परत करते."

काकू चिडल्या. दोन दिवस उत्तर नाही. मग निरोप आला, "चालेल, पण रोपं स्वच्छ हवीत." त्या वर्षी रथसप्तमी फेब्रुवारीत होती, त्यामुळे वेळ मिळाला. दुसऱ्या एका ग्राहकाने मात्र आपली छोटी ऑर्डर रद्द केली. तेही धरूनच चालायचं.

३१ जानेवारीला सापळे कोरे होते, बटाट्याखाली काही नव्हतं. सत्तरातली नऊ रोपं गेली होती, एकसष्ट उरली. साठ पोहोचवली.

हिशोब बघा. सत्तर रोपांचा खर्च प्रत्येकी ४० प्रमाणे २,८०० रुपये. सापळे आणि बीटीआय ६५० रुपये. नफा २,६०० व्हायचा तो १,९५० झाला. ६५० रुपये गेले, पण ग्राहक राहिला. दहा रोपं जास्त लावली नसती तर ऑर्डरच पुरी झाली नसती, हेही लिहून ठेवा.

ताई आता प्रत्येक कुंडीला एक चिठ्ठी लावतात: "बोट घालून बघा, माती कोरडी असेल तरच पाणी द्या." कारण ग्राहकाने रोज पाणी घातलं तर चिलटं त्याच्या घरी होतील आणि दोष तुमच्या रोपाला लागेल.

आजचा गृहपाठ

तुमच्या पाच कुंड्यांत आज बटाट्याची चकती ठेवा. नवीन आणलेलं रोप किंवा माती महिनाभर बाकीच्या मालापासून लांब ठेवा. पावसाळ्यात माती वाळतच नाही, म्हणून जूनच्या आधी सापळे आणून ठेवा. आणि अळी दिसली तर त्या कुंडीची विक्री थांबवा.

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या भागात!