सिंघम झाला बघून, आता ही खाकी बघा!

पहाटे साडेपाचला वाशीममधल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, पोलीस भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतीलच. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००, मग गोळाफेक, आणि दिवसभर अभ्यासिकेत लेखीची तयारी. रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, सगळीकडे हेच चित्र. यातलाच माझा एक मित्र सांगत होता, "सिंघमचं गाणं कानात लावलं का पाय आपोआप पयतात, भौ!"

पळत असतील. 'सिंघम' (२०११) आपण सगळ्यांनीच टीव्हीवर इतक्यांदा बघितलाय की डायलॉग झोपेतही म्हणता येतील. त्याच्याही आधी 'डॅम इट' म्हणणारा महेश कोठारेंचा इन्स्पेक्टर होताच. मजा येते, प्रश्नच नाही. पण सस्पेन्स? बाजीराव जिंकणार हे पहिल्या फायटिंगलाच कळतं. चोर काय करेल यापेक्षा पोलीस काय करेल याची धास्ती जिथे वाटते, तो माझ्या मते खरा पोलीस थ्रिलर. मित्राने 'सिंघमसारखं अजून सांग ना' म्हटल्यावर मी यादी केली ती याच हिशोबाने. सिंघमसारखं त्यात काहीच निघालं नाही.

सगळ्यात वर 'अर्ध सत्य' (१९८३). सिनेमा हिंदी, पण मुळं मराठी. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. ओम पुरी यात सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर आहे. त्याला पुढे शिकायचं होतं, पण हवालदार बापाने पोलिसात ढकललं. (बापाच्या भूमिकेत अमरीश पुरी. घरात त्यांची दहशत अशी की बघताना आपणही सरळ होऊन बसतो.) वेलणकर प्रामाणिक आहे, धाडसी आहे, आणि नेमकी तिथेच त्याची गोची होते. जीव धोक्यात घालून पकडलेल्या दरोडेखोराचं श्रेय दुसराच घेऊन जातो. रामा शेट्टी नावाच्या गुंडाला हात लावायला गेला की वरून फोन येतो. सदाशिव अमरापूरकरांना यात मोजकेच सीन आहेत, आवाजही फारसा चढत नाही, तरी सिनेमा संपल्यावर डोक्यात तेच राहतात. लॉकअपमधला एक सीन आहे. समोर एक भुरटा चोर आणि बाहेरचा सगळा अपमान गिळून, दारू पिऊन आलेला वेलणकर. मी तिथे पॉज केलं, पाणी प्यायलो आणि मगच पुढे गेलो. यापुढचं सांगणार नाही. ओम पुरींना यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. सिनेमा जुना आहे, पहिली वीस मिनिटं संथ वाटतील. मोबाइल बाजूला ठेवा.

दुसरं नाव निशिकांत कामत. आपल्याला ते 'दृश्यम' (२०१५) मुळे माहीत. मूळ मल्याळम सिनेमा जीतू जोसेफ यांचा, हिंदीतलं दिग्दर्शन कामतांचं. तो तुम्ही बघितलाय हे गृहीत धरतो, पण पुन्हा बघाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष द्या. काय घडलं ते आपल्याला आधीच माहीत असतं, गुन्हा कुठल्या घरात झाला तेही. तरी आपण घामाघूम होतो, कारण आपल्याला पोलीस हरायला हवे असतात. गायतोंडेचा हात त्या लहान मुलीवर उठतो तेव्हा तर आपण पूर्णच पलीकडच्या बाजूला गेलेलो असतो. याच कामतांचा 'डोंबिवली फास्ट' (२००५) मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणांचा राहून गेलाय. रोज लोकलने ऑफिस गाठणारा माधव आपटे एक दिवस सटकतो आणि हातात बॅट घेऊन शहरभर फिरतो. त्याच्या मागावर असलेल्या इन्स्पेक्टरला हळूहळू त्याचं म्हणणं पटायला लागतं. पकडायचं तर आहेच! संदीप कुलकर्णीचं काम एक नंबर.

आता जरा लांबचा, कोरियाचा. 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३), 'पॅरासाइट'वाल्या बाँग जून-होचा. सबटायटल्सना घाबरू नका, कारण गाव आपल्याकडच्यासारखंच वाटतं. शेतं, पाऊस, बघ्यांची गर्दी, आणि पंचनाम्याच्या आधीच पायाच्या ठशावरून जाणारा ट्रॅक्टर! 'डोळ्यात बघून गुन्हेगार ओळखतो' म्हणणारा गावचा डिटेक्टिव्ह आणि कागदपत्रांवरच विश्वास ठेवणारा राजधानीतला डिटेक्टिव्ह. कबुली हवी म्हणून ते कुणाकुणाला धरून आणतात, ते बघून पोटात गोळा येतो. यामागे १९८६ ते १९९१ दरम्यान खरोखर घडलेलं हत्याकांड आहे. सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. तो २०१९ मध्ये डीएनएवरून कळला, आणि तेव्हा तो दुसऱ्या एका खुनासाठी आधीपासूनच तुरुंगात होता. हे माहीत असताना शेवटचा शॉट बघा.

'ब्लॅक फ्रायडे' आणि 'अब तक छप्पन'बद्दल वेगळं सांगायला नको, ज्यांनी बघितले नसतील त्यांनी हा लेख इथेच सोडून ते लावले तरी चालेल. मल्याळम 'नायट्टू' (२०२१) मात्र चुकवू नका. एका अपघातानंतर तीन पोलिसांनाच पळावं लागतं आणि त्यांच्या मागे असतं त्यांचंच खातं. लेखक शाही कबीर स्वतः पोलिसात होते, त्यामुळे ड्युटी, साहेब, निवडणुकीचा दबाव हे सगळं आतून आलेलं आहे.

मित्राला मी आधी 'अर्ध सत्य' दिला. दुसऱ्या दिवशी मैदानावर भेटला, पण सिनेमाचा विषयच काढेना. चार राउंड मारून झाल्यावर म्हणाला, "त्याच्या जागी मी असतो तं फोन आल्यावर काय केलं असतं बे?" मला उत्तर सुचलं नाही. आता तो 'नायट्टू' मागतोय. म्हटलं, लेखी होऊ दे आधी.